टिकलेला कान

डॉक्टर, गेल्या रविवारी तुमची शोकसभा झाली. भंडाऱ्याचा तो हॉल भरून माणसं दारात उभी होती. मला कोणीतरी मागे बसवत होतं, मी ऐकते थोडीच! सरळ पुढे गेले आणि उजवा कान माईककडे करून बसले. बुद्धवंदना झाली, मग भाषणं. एक पाहुणे उठले, टाय लावलेले. म्हणाले, "डॉक्टरसाहेबांनी हजारो बहिऱ्यांना श्रवणशक्तीचं दान दिलं." माझ्या तोंडून निघून गेलं, "काहीही!" शेजारची बाई माझ्याकडे डोळे वटारून पाहायला लागली. पाहू दे. तुम्ही असता तर माईकच ओढून घेतला असता. "हजारो कुठून आणले जी तुम्ही? त्यातले परत तपासले किती?" असं तिथल्या तिथे विचारलं असतं. तुमच्याच सभेत, तुमच्याच नावानं थाप मारली त्या माणसानं, आणि तुम्ही आपले फोटोत हार घालून हसत बसले.

तेव्हाच ठरवलं, आपण लिहायचं. मी सिहोऱ्याच्या शाळेतली बाई. तुमची पेशंट, आणि या जिल्ह्यात तुमच्याशी सगळ्यात जास्त भांडलेली बाई. मला नाही तर कोणाला हक्क आहे?

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी अर्धी बहिरी झाले होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही कान बसत गेले. सासूबाईंचं एकच: "ओल्या बाळंतिणीनं कान बांधले नाही, वारं शिरलं." कानात लसणाचं तेल घालून झालं, रुईच्या पानाचा रस घालून झाला. वर्गात पोरं माझ्यासमोर पाढे चुकीचे म्हणायची आणि मी "शाबास" म्हणायची. मागच्या बाकावरची खिदळायची. हेडमास्तरांनी गोड बोलून सांगितलं होतं, की बाई, पुढच्या वर्षी वर्ग नको, तुम्ही ऑफिसात बसा. मी घरी येऊन चुलीपुढे रडले होते. शिकवणं गेलं तर मी उरतेच काय?

आणि तुमचा पहिला प्रश्न काय, तर "बाई, एसटीत ऐकू येतं का?"

मला वाटलं, हा माणूस माझी टिंगल करून राहिला. पण डॉक्टर, ते खरं होतं. शांत वर्गात मला काही कळायचं नाही, आणि तुमसरच्या त्या खडखड्या एसटीत मागच्या सीटवरची बाई आपल्या नणंदेबद्दल काय बोलते, ते सगळं ऐकू यायचं. हे मी कोणाला सांगत नव्हते. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बाई सोंग करते. तुम्ही मात्र खूश झालात. म्हणालात, "मग तुमची नस शाबूत आहे. आतलं छोटं हाड जाम झालंय. दाराची कडी गंजली म्हणून घर पडलं असं होत नाही."

ऑपरेशन जागेपणी केलं तुम्ही. तोंडावर हिरवं कापड, डोकं एका बाजूला, आणि तुम्ही त्या दुर्बिणीत डोळे घालून बसलेले. ते जाम हाड काढून तिथे प्लास्टिकची टाचणीएवढी दांडी बसवली. मी मनात साईबाबा, गजानन महाराज, जो आठवेल तो देव बोलावून घेत होते. एकदम कोणीतरी माझ्या कानात ओरडलं, "बाई, जेवले का जी?"

"ओरडता कायले?" मी म्हटलं. "आणि उपाशी तुम्हीच ठेवलं ना!"

तिकडून सिस्टरचं हसू ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, "ओरडलो नाही बाई. कुजबुजलो."

त्यानंतर मला अशी भोवळ आली, की पुढे बरेच दिवस घर गरगरा फिरत होतं. पण ते हसू मी ऐकलं होतं. टेबलावर पडल्यापडल्या रडले, तर तुम्ही दम दिला, "नाक शिंकरू नका, सगळं वाहून जाईल." तुम्हाला धन्यवाद द्यायचीही सोय नव्हती.

शाळा उघडली तेव्हा मी वर्गावर होते. पहिल्याच तासाला एका कार्ट्यानं सात पाचे तेहेतीस म्हटलं, आणि मी त्याचा कान धरला. त्या दिवशी सगळा वर्ग माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहत होता.

आता मनुष्यस्वभाव पाहा. एक कान आला तर दुसरा नको का? मी महिनाभरात तुमच्यापुढे हजर. "आता डावा करा."

"नाही."

"काहून?"

"हा टिकतो का ते पाहू."

"टिकेल ना, तुम्हीच केला आहे!"

"म्हणूनच पाहायचं," तुम्ही म्हणालात. "मी केला म्हणून तो टिकेल, असं कोणत्या पुस्तकात लिहिलंय? उद्या हा बसला तर हाताशी एक तरी न उघडलेला कान पाहिजे."

इथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायची, जो कान ऐकत नाही तो राखून ठेवून काय लोणचं घालायचं? तुम्ही म्हणायचे, बाई, तुम्ही गणित शिकवता ना, मग थोडी कळ काढा. तुम्ही केलेला प्रत्येक कान दरवर्षी, धान चुरून मळणी उरकली की, पुन्हा तपासायचे. पडद्याचं भोक जोडलेलं असो की माझ्यासारखी दांडी घातलेली. जे येणार नाहीत, त्यांच्या गावी जीप घेऊन जायचे. त्याचा पेपर करून नागपूरच्या डॉक्टरांच्या सभेत वाचायचा होता. "कान टिकून राहतात असं दिसलं तर दुसरा कान सगळ्यात आधी तुमचा," असं तुम्ही मला वचन दिलं. मी ते पक्कं लक्षात ठेवलं.

आणि म्हणून तर रविवारी रविवारी मी तुमच्या जीपमध्ये बसायला लागले. समाजसेवा वगैरे काही नाही, उगाच कोणी माझा सत्कार करू नये. माझा कान त्यात अडकला होता. तुमचे पेशंट लवकर सापडावेत, एवढीच माझी घाई. बपेऱ्याला आठवतं? आणीबाणीचे, नसबंदीच्या धास्तीचे दिवस. जीप पाहिली आणि कोणीतरी ओरडलं, "ऑपरेशनवाले आले!" झालं. अख्ख्या गावचे पुरुष शेतांच्या धुऱ्यांवरून, बांधाबांधानं पळत सुटले. तुमचा एक म्हातारा पेशंट पळता पळता चिखलात पडला आणि हात जोडून म्हणतो, "मले पाच लेकरं झाले जी, आता कायले करता?" तुम्ही त्याला उठवून म्हणालात, "अगा, मी कानाचा डॉक्टर हावो!" तर तो म्हणतो, "मंग पहिलेच सांगाचं ना, मी आयकलो असतो." तुम्ही धुऱ्यावर बसून पोट धरून हसलात. नंतर त्याच म्हाताऱ्याच्या घरी आपण नव्या धानाचे पोहे खाल्ले.

मग चिखल्याचा रविवार आला.

चिखला म्हणजे तुमचं गाव. तुमचे बाबा मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली ड्रिलवर. सुरुंगाच्या आवाजानं एका कानाचा पडदा फाटलेला, आणि ड्रिलनं दोन्ही कानांची नस गेलेली. त्यांनी तुम्हाला शिकवलं, वसतिगृहात ठेवलं, नागपूरला पाठवलं. तुम्ही कानाचेच डॉक्टर काहून झालात, हे कोणाला सांगायची गरज नव्हती. नस गेलेली परत येत नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. तरी पडदा जोडला तर चार आणे तरी ऐकू येईल, या आशेनं तुम्ही स्वतःच्या बापाचा कान स्वतः केला. पडदा जुळला. आणि कान तपासायच्या मशीनवर बाबांना चार आणे नाही, चांगलं दहा आणे ऐकू येत होतं. लागोपाठ दोन वर्षं. तुमच्या पेपरात तो सगळ्यात सुंदर निकाल होता. तो सांगताना तुमचा आवाज बदलायचा.

त्या दिवशी शाळेच्या खोलीत, खिडक्यांना पोती लावून, तुम्ही बाबांना समोर बसवलं. डोक्यावर ते कानाला लावायचं यंत्र. आवाज आला की बोट वर करायचं. तुम्ही बटण दाबता, बाबा बोट वर करतात. दाबलं, की वर. मी दाराजवळच्या स्टुलावर बसून पाहत होते. आनंदानं पाहत होते, कारण असेच निकाल लागत गेले तर माझा डावा कान आलाच म्हणून समजा.

पण डॉक्टर, मी कित्येक वर्षं बहिरी होते. बहिऱ्या माणसाचे डोळे काय काय काम करतात, ते बहिऱ्यालाच ठाऊक. बाबा यंत्राचं काही ऐकत नव्हते. ते तुमच्या तोंडाकडे पाहत होते. बटण दाबताना तुमची भुवई जराशी वर जायची. आशेनं जायची, तुम्हाला पत्ताही नव्हता. भुवई वर गेली की बाबांचं बोट वर.

मी गप्प बसू शकले असते. कोणाला कळलं असतं? पेपर वाचला गेला असता, टाळ्या वाजल्या असत्या, आणि मला दुसरा कान मिळाला असता. पण त्या आकड्यावर विसंबून तुम्ही कोणाचा तरी चांगला उरलेला कान उघडला असता. कदाचित माझाच. आणि दुसरं म्हणजे, खोटा पाढा ऐकून "शाबास" म्हणायचं दुःख काय असतं, ते मी भोगलं होतं. तुमच्यावर ती पाळी येऊ द्यायची नव्हती.

मी म्हटलं, "डॉक्टर, बाबांना जरा भिंतीकडे तोंड करून बसवा."

तुम्ही वैतागून पाहिलं. पण बसवलं. बटण दाबलं. बोट नाही. आवाज वाढवला. नाही. अजून वाढवला. माझ्या स्टुलापर्यंत त्या यंत्रातून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली, तरी बाबा भिंतीकडे पाहत शांत बसलेले. शेवटी फारच वेळ झाला असं वाटून ते वळले आणि हसून म्हणाले, "आयकू येते ना बेटा. मस्त येते."

"बाई, तुम्ही बाहेर थांबा," तुम्ही म्हणालात. त्या आवाजात तुम्ही माझ्याशी आधी कधी बोलला नव्हता, नंतरही नाही.

आता जे कधीच सांगितलं नाही ते सांगते. थोड्या वेळानं बाबा बाहेर आले. तुम्ही आत मशीन बांधत होता. बाबा माझ्या शेजारी ओट्यावर बसले आणि म्हणाले, "त्याचं मन मोडलं ना जी, बाई?" मी मान डोलावली. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले, बहिरी माणसं बोलतात तसे, जरा मोठ्यानं. "लहान होता तवा मी खाणीतून आलो का पोरगा मांडीवर बसे, अन् शाळेतलं सारं सांगे. मले काही आयकू नाई ये. मी हाव हाव म्हणो. त्याले वाटे, बाप आयकते. अजून सांगे, अजून सांगे. सांगता सांगता डॉक्टर झाला पाहा. आता त्याले नाई कसं म्हनू जी?"

हे मी तुमच्यापासून लपवलं. बाबा गेले तेव्हाही नाही सांगितलं. तुम्ही अभिमानानं सांगायचे ना, की माझा बाप अडाणी होता पण कान जायच्या आधी माझा अभ्यास रोज ऐकायचा? ते कसं काढून घेऊ तुमच्याकडून? मला तेव्हा ते बरोबर वाटलं आणि आजही वाटतं. पण आता तुम्हीही गेलात, तर माहीत असू द्या. तुमचा एक शब्दही ज्याच्या कानात गेला नाही, तो माणूस अंधाऱ्या खाणीत दिवस काढून आल्यावर रोज तुम्हाला मांडीवर घेऊन बसायचा, आणि तुमचं बोलणं संपेपर्यंत हलायचा नाही. याला ऐकणं म्हणायचं नाही, तर मग काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा. मी त्या दिवशी ओट्यावर बसून पदरानं डोळे पुसले आणि बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

परतताना जीप तुम्हीच चालवत होता. सिहोरा आलं, मी उतरले, तेव्हा म्हणालात, "बाई, बाकीच्यांचं काय?"

मी म्हटलं, "आपल्याकडची माणसं आहेत डॉक्टर. दारी आलेल्याला नाही म्हणत नाहीत. तुम्ही इतक्या लांबून जीप घेऊन येता, तोंडाकडे आशेनं पाहता. त्यांना वाटत असेल, डॉक्टरले नाराज कायले करा?"

तुम्ही स्टेअरिंगवर कपाळ टेकवलं. मग म्हणालात, "सगळे पुन्हा."

आणि सगळे पुन्हा तपासले. प्रत्येक गावी, प्रत्येक खुर्ची भिंतीकडे. पुष्कळ कान खरे निघाले. पण काही निकाल असे कोसळले, की तुमच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. नागपूरला कळवलं, की यंदा पेपर वाचत नाही. लोक हसले. एक जण म्हणाला म्हणे, तिकडे जंगलात बसून कान तपासता, निकाल पण जंगली. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात आणि उतरलेले आकडेच वाचले. वर हेही सांगितलं, की आधीचे चुकले होते, माझी भुवई वर जात होती. आल्यावर मी विचारलं, टाळ्या वाजल्या का? तर म्हणालात, "दोघांनी वाजवल्या. एक मी आणलेला ड्रायव्हर होता." इतक्या मजेत मी तुम्हाला क्वचित पाहिलं. तुम्ही हरल्यासारखे दिसत नव्हता, उलट कोणी तुमच्या पाठीवरचं पोतं उतरवून घेतल्यासारखे दिसत होता.

मी लगेच म्हटलं, "झालं ना आता खरंखुरं? भिंतीकडे तोंड करूनही माझा कान पक्का निघाला. करा डावा."

"नाही," तुम्ही म्हणालात. "दांडी घातलेले दोन कान बसले आहेत. काहून बसले ते मला कळलेलं नाही."

"त्यांचे बसले, माझा टिकला!"

"आजपर्यंत."

"म्हणजे माझा कान तुमच्या बाबांच्या बोटानं अडवला!"

"बाबांच्या नाही जी," तुम्ही हसून म्हणालात, "तुमच्याच तोंडानं अडवला. कोणी सांगितलं होतं बोलायले?"

मी रागानं दवाखान्यातून उठून गेले होते. एसटी स्टँडपर्यंत तणतणत गेले, आणि तिथे मला माझंच हसू आलं. पण सांगून ठेवते, पुढची सगळी वर्षं मी हा विषय सोडला नाही. भेटले की "डावा?" तुम्ही म्हणायचे, "उजवा कसा आहे?" मी म्हणायची, "तुमच्या नाकावर टिच्चून टिकलाय." तुम्ही मान हलवायचे आणि लिहून घ्यायचे. डावा कान तर केव्हाचाच मेला, त्या बाजूनं आता नातू बोलला तरी मला कळत नाही. पोरगं लाडानं नेमकं त्याच बाजूला येऊन बसतं. तेव्हा तुमचा फार राग येतो.

शोकसभेत नागपूरचा एक तरुण कानाचा डॉक्टर भेटला. माझं सगळं ऐकून म्हणाला, "आई, या ना माझ्याकडे, डावा कान मी करून देतो. आजकाल काहीच अवघड नाही." मी घरी कोणाला न सांगता काल नागपूरला गेले. खोटं कशाला बोलू, नवं पातळसुद्धा नेसले होते. पोरगा गुणी आहे. मायेनं तपासलं, नस अजून शाबूत आहे म्हणाला, तुमच्यासारखंच हाडाचं चित्र काढून दाखवलं. पुढच्या आठवड्यातला दिवससुद्धा दिला. मी हो म्हणाले. कित्येक वर्षांचं माझं मागणं एका "हो"मध्ये पुरं झालं होतं, मला सुचेना काय करावं.

उठता उठता मी सहज विचारलं, "बाबू, तू केलेले कान किती वर्षं टिकले रे?"

तो हसला. "अहो आई, ऐकू आलं की पेशंट खूश. खूश झालेला माणूस परत कशाला येतोय?"

"मग तू जात नाहीस का त्यांच्याकडे?"

"मी?" तो खरोखर गोंधळला. "मी कशाला जाऊ?"

मी पुन्हा खाली बसले. डावा कान तर मेलेलाच होता, त्याचं आणखी काय जायचं होतं? हे वाक्य तर मी तुम्हालाच कितीदा ऐकवलं होतं! आणि तरी मी त्या पोराला म्हटलं, "दिलेला दिवस खोडून टाक. आधी जा, तुझे पेशंट शोध, परत तपास. मग मला बोलाव. तोवर माझा हात लागणार नाही तुझ्या टेबलाला."

जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर मी थबकले. डॉक्टर, इतकी वर्षं भांडले तुमच्याशी, एकदा म्हणून माघार घेतली नाही, आणि काल एका मिनिटात अख्खं भांडण हरून आले. तुमच्या बाजूनं, तुमच्याच शब्दांत. आणि "बाई, कबूल ना आता?" म्हणून हसायला तुम्ही नाही. कबूल आहे, डॉक्टर. कबूल. पण ही काय वेळ झाली जी जिंकायची?